ओब्दुलियाची साखळी

दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात शवपेटी सरकवून झाली होती, आणि गवंडी कोनाड्याच्या तोंडाशी विटा रचत होता. विटा अर्ध्यावर आल्या तेव्हा बादालोनाहून आलेल्या ओब्दुलियाच्या भाच्याने एलादियोला हळूच विचारलं, "तुम्ही मावशीला चांगलं ओळखत होतात ना?"

एलादियो "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पण दफनभूमीचा उतार एकट्याने उतरताना त्याला त्या एका शब्दाची लाज वाटायला लागली. आपल्याला काय काय ठाऊक आहे ते तो आठवून पाहू लागला. ओब्दुलिया चौऱ्याऐंशी वर्षांची होती. मिठाच्या पाण्यात ऑलिव्ह मुरवताना ती बडीशेप जरा जास्तच घालायची. पावसाच्या आदल्या दिवशी तिचा गुडघा दुखायचा. बस, एवढंच. ती मूळची कुठली, तिच्या नवऱ्याचं नाव रामिरो होतं की रामोन, हेसुद्धा त्याला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. तिच्या कपाटावर एका लहान मुलीचा फोटो होता. ती लहानपणची ओब्दुलियाच असणार, असं तो तीस वर्षं धरून चालला होता. ती तिची मुलगी, चौथ्या वर्षी घटसर्पाने गेलेली, हे त्याला आज भाच्याकडून कळलं.

आणि तरीही गेली दोन वर्षं त्याचा ट्रॅक्टर या बाईच्या हातावर चालत होता. ही गोष्ट वाल्देओया गावात त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. आता सगळ्यांना माहीत झाली होती. म्हणून तर दफनभूमीत त्याच्या दोन्ही बाजूंना माणूसभर जागा मोकळी राहिली होती.

ओब्दुलिया फाटकवाली होती. त्या काळी रेल्वेने नवऱ्यांना रुळांच्या कामाला लावलं आणि त्यांच्या बायकांना फाटकं दिली. गावापासून दोन किलोमीटरवर, ऑलिव्हच्या मळ्यांकडे जाणारी कच्ची वाट जिथे लोहमार्गाला आडवी जायची, तिथे दोन खोल्यांचं दगडी घर होतं. गाडीची वेळ झाली की ती वाटेवर साखळी लावायची आणि गुंडाळलेलं निशाण हातात धरून उभी राहायची. हाएन शहराहून तेलाच्या टाक्या घेऊन जाणारी मालगाडी, सकाळची टपालगाडी, संध्याकाळची माणसांची गाडी. एकतीस वर्षांत तिच्या फाटकावर माणूस सोडा, खेचरसुद्धा मेलं नाही. पण याचं तिला कधी कौतुक वाटलेलं एलादियोने पाहिलं नाही. फाटकवालीचं काम म्हणजे काहीही न घडू देणं, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलणार तरी काय?

मग गाडी बंद झाली. रूळ उचलून नेले. घर मात्र कुणी मागितलं नाही, म्हणून ती तिथेच राहिली. बरीच वर्षं रुळांच्या जागी काटेरी झुडपं माजली. त्यानंतर राजधानीतून पैसे आले, झुडपं निघाली, खडी दाबून गुळगुळीत केली, बोगद्यांत दिवे लागले, लोखंडी पुलाला लाकडी कठडे बसले, आणि त्या जुन्या लोहमार्गाला सगळे हिरवी वाट म्हणायला लागले. तिथे साखरेचा आजार असलेले म्हातारे चालायला येत. बायका बाबागाड्या घेऊन येत, कुणी घोडा घेऊन येई. आणि सायकली. सुट्टीच्या दिवशी तर शहरातून सायकलींची रांगच लागायची. पुलापासून फाटकापर्यंत सलग उतार, शेवटी टेकडी कापून काढलेलं वळण, आणि वळण संपलं की लगेच ट्रॅक्टरची वाट. सायकलवाले तिथे पायडल न मारता वाऱ्यासारखे येत. 'थांबा' अशी पाटी होती, पण त्यांचं लक्ष समोरच्या डोंगरांकडे असायचं. डोंगर बघायलाच तर ती माणसं आलेली.

"आगगाडी सांगून यायची," ओब्दुलिया म्हणायची. "आधी जमीन सांगायची, मग कुत्रं सांगायचं, मग शिट्टी. ही माणसं न सांगता येतात. एक दिवस माझ्या दारात कुणीतरी मरणार आहे."

उद्या वारा सुटणार आहे, असं म्हणावं तशा आवाजात ती हे म्हणायची. ऐकणारे हसायचे. तिने मात्र लोखंडाच्या दुकानातून नवी साखळी आणली, जुन्या खांबांना अडकवली, आणि ऑलिव्हच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर अखेरीपासून जानेवारीपर्यंत, रोज सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत पुन्हा फाटकावर उभी राहू लागली. ट्रॅक्टर आला की ती हिरव्या वाटेवर जाऊन दोन्हीकडे बघायची. सायकल येत असेल तर लाल निशाण आडवं धरायची. मग साखळी काढायची आणि ट्रॅक्टरवाल्याला हाताने खूण करायची. नगरपालिकेचा माणूस आला.

"मावशी, तुम्हाला याचा अधिकार नाही हो."

"नाही ना. बरं, ऑलिव्ह घेऊन जा. यंदा चांगली मुरलीत."

तो बरणी घेऊन गेला. पुढच्या वर्षी दुसरा आला. तोही बरणी घेऊन गेला.

फाटकाचा जुना नियम तिला एखाद्या प्रार्थनेसारखा पाठ होता. साखळी खाली असेल तर वाट मोकळी. फाटकवाली जागेवर नसेल तर साखळी लावलेली. "मुतायला जायचं असलं तरी आधी साखळी," ती म्हणायची. गावकऱ्यांना यातला अर्धाच नियम लक्षात राहिला होता. साखळी खाली दिसली की ते इकडे तिकडे न बघता सरळ पुढे जात, त्यांचे बाप खेचरांवरून जात तसे. पण लावलेली साखळी काय सांगते, ते विसरले होते. ती सांगायची, इथे आत्ता कुणी बघत नाहीये.

एलादियोला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं. एकदम अंधार नव्हता. डावीकडचं जग कुणीतरी हळूहळू गुंडाळून ठेवत असावं, तसं. हाएनच्या डॉक्टरने काचबिंदू म्हणून सांगितलं आणि गाडी चालवायची नाही असं कागदावर लिहून दिलं. तो कागद एलादियोने खणात, मेलेल्या बायकोच्या जपमाळेखाली ठेवला. त्याची दोनशे दहा झाडं होती. मुलगा माद्रिदला, दर फोनवर एकच, "बाबा, विकून टाका." ट्रॅक्टर गेला की झाडं गेली. झाडं गेल्यावर सकाळी उठून आपण कुठे जायचं, हे त्याला कळत नव्हतं. शिवाय कुणाला सांगायचं म्हणजे तोंड उघडावं लागणार. लहानपणापासून त्याला ते जमलं नव्हतं. दुकानात चुकीची वस्तू मिळाली तरी तो तीच घेऊन घरी यायचा.

ओब्दुलियाने त्याला कसं पकडलं, ते त्याला नीट आठवतं. ट्रॅक्टर साखळीपाशी उभा होता. ती त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि तिकडूनच म्हणाली, "किती बोटं?"

त्याने मान वळवायला सुरुवात केली.

"मान हलवायची नाही. किती?"

"मावशी, घाण्यावर रांग लागलीय."

"महिनाभर बघतेय. तू वाटेकडे बघतच नाहीस, फक्त माझ्या हाताकडे बघतोस. किती बोटं?"

"दोन," तो म्हणाला.

"हात खिशात आहे माझा," ओब्दुलिया म्हणाली.

इंजिन चालू होतं. मागे ट्रॉलीत हजार किलो ऑलिव्ह. एलादियो स्टिअरिंगकडे बघत राहिला. मग त्याने तिला सगळं सांगितलं, डॉक्टरचं, कागदाचं, खणाचं. आयुष्यात इतकं सलग तो कुणाशी बोलला असेल असं त्याला वाटत नाही, बायकोशीसुद्धा. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हा हंगाम कर. पुढच्या वर्षी बस घरी."

"बसतो."

"आणि हे बघ, पोरा." तो तेव्हा एकूणसत्तर वर्षांचा होता. "मी उभी असेन तरच ओलांडायचं. मी नसेन तर इंजिन बंद करायचं आणि बैलासारखं थांबायचं. कोण काय म्हणतंय ते ऐकायचं नाही. कबूल?"

"कबूल."

पुढच्या वर्षी तो घरी बसला नाही. तिनेही विषय काढला नाही. यात चूक कुणाची जास्त, हे एलादियोने बऱ्याच रात्री स्वतःला विचारलं आहे, पण तिची म्हणवत नाही. तिने फक्त तिचं काम चालू ठेवलं, त्याच्यासाठी जरा पुढे सरकून, त्याच्या उजव्या डोळ्यासमोर उभी राहू लागली. मात्र त्या वर्षी ती वारंवार म्हणायची की सायकली वाढल्यात. एकदा वळणाकडे बघत म्हणाली, "मी नीट ऐकू शकत नाही रे आता. तुला दिसत नाही, मला ऐकू येत नाही. भारी जोडी आहे." आणि हसली. एलादियोही हसला. घरी गेल्यावर मात्र त्याला जेवण गेलं नाही.

डिसेंबरातल्या जोडून आलेल्या सुट्ट्या नेमक्या ऐन हंगामात येतात. सहा तारखेची सुट्टी, आठ तारखेची सुट्टी, मधला सात तारखेचा दिवसही लोक घेऊन टाकतात. त्याच्याही पुढच्या वर्षी, त्या सात तारखेला सकाळी मळ्यांमध्ये धुकं साचलं होतं. एलादियो पहिली ट्रॉली भरून नऊ वाजून गेल्यावर फाटकाशी आला. साखळी लावलेली होती. ओब्दुलिया नव्हती.

त्याने इंजिन बंद केलं. घराचं दार लोटलेलं दिसत होतं. धुराड्यातून धूर नव्हता. पाच मिनिटं गेली असतील. मागे किनोचा ट्रॅक्टर येऊन थांबला. किनो म्हणजे शेजारच्या मळ्याचा मालक, चाळिशीचा, जोरात बोलणारा, मनाने वाईट नाही. त्याने दोनदा हॉर्न वाजवला. घरातून काही हालचाल नाही. किनो खाली उतरला, हात चोळत पुढे आला.

"काय, मावशी मेली की काय?" तो हसत म्हणाला.

एलादियो दाराकडे बघत राहिला.

"झोपली असेल. या वयात झोप लागली तर लागू दे बापडीला. चल, मी काढतो साखळी."

"थांबू या जरा," एलादियो म्हणाला.

"कशाला? घाण्यावर अकरा ट्रॉल्या पुढे आहेत. तासभर तिथे उभं राहायचं आणि तासभर इथे पण?"

"ती येईल."

किनोने त्याच्याकडे बघितलं. "काय रे एलादियो, तुझं लायसन मावशीच्या नावावर आहे का?"

मागे आणखी एक ट्रॅक्टर आला होता. त्याच्यावरचा माणूस मोठ्याने हसला. एलादियोचे कान तापले. एकच वाक्य बोलायचं होतं. मला दिसत नाही. तीन शब्द. ते घशापर्यंत आलेसुद्धा. पण किनोने साखळी काढून खांबावर टाकली होती आणि तो हाताने "चल, चल" करत होता, अगदी ओब्दुलिया करायची तसं, आणि एलादियोच्या पायाला तीच खूण ओळखीची होती. त्याने इंजिन चालू केलं. किनोचं तोंड ट्रॅक्टरकडे होतं. वळणाकडे कुणाचंच नव्हतं.

आवाज फारसा झाला नाही. पत्र्याचा डबा हातातून पडावा एवढाच.

सायकलवरचा तो माणूस कोर्दोबाचा होता. टपालखात्यात कामाला, पन्नाशीचा, बायको मागून दुसऱ्या सायकलवर येत होती. तो जगला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हे एलादियोला नंतर कळलं. त्या वेळी तो खडीवर पडलेला होता, थरथरत होता आणि सारखा विचारत होता, माझा चष्मा कुठे आहे. किनो पांढराफटक पडून फोन लावत होता. कुणीतरी म्हणालं, काहीतरी पांघरायला आणा.

म्हणून एलादियो तिच्या घरात गेला.

ओब्दुलिया बुटक्या वेताच्या खुर्चीत बसली होती. अंगात कोट होता, डोक्याला रुमाल बांधलेला, मांडीवर गुंडाळलेलं लाल निशाण. एका पायात बूट होता. दुसरा हातात. टेबलाखालची पाय शेकायची शेगडी गार होती. नंतर डॉक्टर म्हणाला, उजाडायच्या सुमारास गेली असेल. म्हणजे ती उठली होती, तयार होत होती. एक बूट राहिला होता.

एलादियोने तिच्या पलंगावरचं घोंगडं घेतलं. बाहेर आला आणि ते त्या माणसाच्या अंगावर घातलं. कुणाला काही बोलला नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत, ती निघून जाईपर्यंत, तो त्या माणसाचा हात धरून बसून राहिला. मग किनोने विचारलं, "मावशी कुठंय? एवढा गोंधळ झाला आणि बाहेर नाही आली?" तेव्हा कुठे त्याने घराकडे बोट दाखवलं.

पोलीस आले. त्यांनी काय झालं ते विचारलं, आणि किनो सांगू लागला की धुकं होतं, सायकल वेगात होती, साखळी त्यानेच काढली. सगळं खरं होतं. एलादियोने त्याला मध्येच थांबवलं. "मला डाव्या बाजूचं दिसत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. घरी कागद आहे." इतकं सोपं होतं ते म्हणणं. किनो त्याच्याकडे बघत राहिला, मग खांबावरच्या साखळीकडे, आणि खाली बसला.

ट्रॅक्टर गेला. झाडं आता किनो बघतो, निम्म्या वाट्याने. ते दोघंही त्या सकाळबद्दल बोलत नाहीत. कोर्टाचं काय व्हायचं ते होईल. एलादियोने त्या टपालवाल्याला दोनदा पत्र लिहायला घेतलं. एकदा फाडलं, एकदा पेटीपर्यंत नेऊन परत आणलं.

सकाळी तो हिरव्या वाटेवर चालतो. आता तोही डॉक्टरने चालायला सांगितलेल्या म्हाताऱ्यांमधला एक. लोखंडी पुलापर्यंत जातो आणि परत येतो, वाटेच्या उजव्या कडेने, कारण सायकली त्याच्या डावीकडून येतात आणि कळतात तेव्हा जवळून गेलेल्या असतात. घराला कुलूप आहे. म्हणे तिथे कॉफी मिळणार, सायकली भाड्याने मिळणार. साखळी नगरपालिकेच्या माणसांनी काढून नेली. हंगामात ट्रॅक्टर येतात आणि इकडे तिकडे न बघता सरळ पुढे जातात. साखळी खाली असली की वाट मोकळी, हे या लोकांच्या हाडात आहे, आणि आता साखळी कायमचीच खाली आहे. एलादियो तिथे आला की उभा राहतो. कान देऊन ऐकतो. जमीन काहीच सांगत नाही.

तिच्याबद्दल सांगायला काही मोठं असावं, असं त्याला वाटतं. तिचं एखादं शहाणपणाचं बोलणं आठवावं. पण आठवतं ते फक्त आदल्या संध्याकाळचं, सहा तारखेचं. शेवटची ट्रॉली होती. दिवे लागायच्या वेळेला ती साखळी काढून बाजूला झाली, त्याला हात केला, तो ओलांडून पलीकडे गेला आणि थांबला. ती मागून आली. हातात ऑलिव्हचं मातीचं भांडं होतं, झाकण दोऱ्याने बांधलेलं. भांडं द्यायच्या आधी तिने निशाण एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि खांदा चोळला.

"हात जड झालाय आज," ती म्हणाली.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"असेल." तिने भांडं वर दिलं. "हे घे. आणि भांडं परत आण माझं."

"आणतो."

"झाकणासकट. मागचं झाकण अजून तुझ्याकडेच आहे."

"आणतो म्हटलं ना, मावशी."

"बघू," ओब्दुलिया म्हणाली, आणि साखळी लावायला परत गेली.